कागदावरची वेगळी चूल

लग्नपत्रिकेच्या तळाशी 'कृपया आहेर आणू नये' असं छापलेलं असतं. ते खरं मानून रिकाम्या हातांनी लग्नाला जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे काकाजी. नात्यानं ते माझे कोणी नव्हते. आमची घरं एका भिंतीला लागून आणि वावरं एका नाल्याच्या दोन काठांना, म्हणून काकाजी. मांडवात लोक पाकिटं घेऊन रांगेत उभे असत, पत्रिका छापणाऱ्यालाही मनातून तेच हवं असे, आणि काकाजी धुतलेल्या धोतरात, टोपी नीट करून, अक्षता टाकून, पोटभर जेवून घरी येत. एकदा एका वरबापानं टोमणा मारला, तर त्याला म्हणाले, तू छापलं नसतं तर आणला असता. छापल्यावर आणणं म्हणजे तुला चारचौघांत खोटं पाडणं. त्याच माणसाकडे पुढे बारसं झालं. त्याची पत्रिका नव्हती, नुसता निरोप होता. काकाजी खांद्यावर गव्हाचं पोतं घेऊन गेले.

लिहिलेल्या शब्दावर त्यांचा असा विश्वास होता. डॉक्टरनं गोळीच्या पाकिटावर 'जेवणानंतर' लिहिलं की उपासाच्या दिवशी गोळी बंद. फराळ झाला आहे, आता घ्या, असं काकू म्हणायच्या. फराळ म्हणजे जेवण का, असं ते विचारायचे. तसं असेल तर उपास मोडला म्हणायचा. एस.टी.वर 'हात दाखवा, गाडी थांबवा' असं लिहिलेलं, म्हणून स्टँडवर आधीपासून उभ्या असलेल्या गाडीलाही ते हात दाखवून मगच चढत. आम्ही पोरं मागून हसायचो. मी जरा जास्तच हसायचो. आज त्यांच्याविषयी लिहायला बसलो तर पहिल्यांदा ते हसूच आठवतं, आणि बरं वाटत नाही.

आमचं गाव देऊळघाटच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला. मका पेरा, सोयाबीन पेरा, हरभरा पेरा, रानडुकरांचा आणि रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, वाटा त्यात आधी. काकाजींच्या घरी वडिलांपासून चालत आलेली ठासणीची बंदूक होती, आणि तिच्या परवान्यावर 'पीक संरक्षणासाठी' असं लिहिलेलं होतं. म्हणजे ती पिकापाशीच शोभते, असं त्यांचं गणित. वरातीत एक बार उडवा म्हणून लोक पायाला हात लावायचे, पण ती कधी वरातीला गेली नाही. दसऱ्याला बाकीचे घरात शस्त्रं पुजायचे. काकाजी बंदूक, हळदकुंकू आणि काकू अशा तिघांना घेऊन वावरात जायचे आणि तुरीच्या ओळीत बसून पूजा करायचे. तिच्यात छर्रे त्यांनी कधी भरले नाहीत. नुसती दारू ठासायची, वर चिंधी कोंबायची आणि आभाळाकडे बार काढायचा. डुकरं पळाली की झालं. निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. गावोगाव शिपाई निरोप घेऊन फिरायचे, आणि काकाजी त्याच्या आधीच ठाण्याच्या बाकावर पावतीची वाट पाहत बसलेले असायचे.

असा माणूस तुरुंगात जाईल असं कोणाला वाटलं नसतं. पण गेला, आणि तेही स्वतःच्या तोंडानं.

त्यांच्या वावराला लागून दुसऱ्या एका शेतकऱ्याचं वावर होतं. त्यानं उन्हाळ्यात ट्रॅक्टर घालून मधला धुरा, म्हणजे बांध, नांगरला. काकाजींनी आधी समजावलं, मग शिव्या दिल्या, मग बैलगाडीच्या कडेचा उभा दांडा, म्हणजे उभारी, उपसली आणि त्याच्या हातावर हाणली. कोपर मोडलं. मी नाल्याच्या अलीकडे बैलांना पाणी पाजत होतो. मी सगळं पाहिलं. उभारी वर गेलेली, आणि खाली आल्यावर काकाजींचा पांढरा पडलेला चेहरा, दोन्ही. त्या शेतकऱ्याला दवाखान्यात पहिल्यांदा त्यांनीच नेलं.

केस वर्षानुवर्षं चालली. तोपर्यंत गावानं नेहमीचा मार्ग काढला. दोघांना पारावर बसवलं, धुरा पुन्हा मोजून घातला, दवाखान्याचा खर्च काकाजींनी दिला, आणि कोर्टात कोणी काही पाहिलेलं नाही असं ठरलं. मार खाणाऱ्यानं सांगितलं की तो ट्रॅक्टरवरून पडला. मी सांगितलं की माझी पाठ होती. देवाची शपथ घेऊन सांगितलं. तेव्हा मी अजून पोलीस पाटील झालो नव्हतो, पण त्यानं शपथ लहान होत नाही. काकाजी म्हातारे होत चालले आहेत, त्यांच्यावर माया आहे, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

शेवटी न्यायाधीशांनी काकाजींना विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का. वकिलानं त्यांना 'नाही' हा एकच शब्द शिकवला होता.

"साहेब," काकाजी म्हणाले, "हे सारे लोक माह्यावर माया करते म्हणून खोटं बोलून राह्यले. म्या मारलं याले. अन् तो तिकडे बसला ना, त्याची पाठ नव्हती. त्याचं तोंड माह्याकडेच होतं."

बोट माझ्याकडे होतं. वकिलानं डोळे मिटून घेतले.

त्यांना काही महिन्यांची शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी ते कपड्यांची पिशवी बरोबर घेऊनच आले होते, आणि बंदूक आदल्या दिवशी ठाण्यात देऊन आले होते. कायदा असा की हाणामारीच्या गुन्ह्यात ज्याला कैद झाली, त्याला शिक्षा भोगून झाल्यावरही पाच वर्षं बंदूक बाळगता येत नाही. परवाना रद्द झाला. ते तुरुंगातून आल्यावर गावातले लोक हळहळले, पिढीजात वस्तू गेली म्हणाले. काकाजींना त्याचं फारसं काही वाटलं नाही. उलट कायद्यानं जे मागितलं नव्हतं तेही त्यांनी दिलं. गोफण बंद केली. मी म्हणालो, काकाजी, कायद्यात गोफण नाही. ते म्हणाले, कायद्यात नाही, पण हात तोच आहे. दिवाळीत नातवासाठी टिकल्यांचं पिस्तूल आलं, तर ते माझ्याकडे ठेवायला दिलं. पोरगं चार दिवस आमच्या ओट्यावर येऊन टिकल्या फोडायचं आणि जाताना पिस्तूल माझ्या हातात द्यायचं.

वावर मात्र राखायचं होतंच. त्यासाठी त्यांनी तेलाचा रिकामा डबा घेतला, आणि डबा वाजवून हात दुखले की मचाणावर उभं राहून डुकरांना स्वतःचं निकालपत्र वाचून दाखवायला सुरुवात केली. दुसरा मोठा कागद घरात नव्हता, असं त्यांचं म्हणणं. नाल्याच्या अलीकडे माझ्यापर्यंत आवाज यायचा, की आरोपीस दोषी धरण्यात येत असून. डुकरं काही दिवस दबकली. मग त्यांना सवय झाली, आणि काकाजींच्या मक्यातून निघून माझ्या मक्यात यायला लागली.

काकाजींचा मुलगा कष्टाळू आणि सरळ. वडिलांसारखं त्याला जमत नव्हतं, आणि जमावं तरी का? लागोपाठ दोन हंगाम मका आडवा झाला. तेव्हा त्यानं स्वतःच्या नावानं परवान्याचा अर्ज केला, आणि ठाण्यातली बंदूक आपल्या नावावर करून मागितली. यात काही वावगं नव्हतं. त्याच्यावर कुठला गुन्हा नव्हता. चौकशीचा कागद फिरत फिरत माझ्याकडे आला, कारण तोपर्यंत मी गावचा पोलीस पाटील झालो होतो. त्यात एक प्रश्न होता. अर्जदाराच्या घरात शिक्षा झालेली व्यक्ती राहते काय?

आमच्याकडे एक पद्धत आहे. बापलेक एका तव्यावरची भाकर खातात, पण रेशनकार्डावर, घरकुलाच्या अर्जात वेगळे राहतात. त्याला आम्ही कागदावरची वेगळी चूल म्हणतो. सगळे करतात, कोणी कोणाला विचारत नाही. मी लिहिलं, 'वडील विभक्त राहतात.' खाली सही केली, शिक्का मारला. हात जराही अडखळला नाही. वाटलं, या घरासाठी मी काहीतरी चांगलं केलं.

दोन दिवसांनी काकाजी आले. मुलाकडून त्यांना कळलं होतं. ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि विचारलं, "पाटील, तू माह्याबद्दल काय लिवून देलं?"

मी सांगितलं.

"मंग कुठी राह्यतो मी?"

"कागदापुरतं हाये, काकाजी. सारेच लिवते."

"शिक्का कोणाचा मारला?"

"माहा."

"तुहा नाही बे लेका, सरकारचा हाये. तुह्यापाशी ठेवाले देला."  मग म्हणाले, "अन् तुही काकू? ती कोणाकडे राह्यते?"

काकूंबद्दल रकानाच नव्हता. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू एक मोठा हिशेब जुळला, आणि उठून गेले.

त्याच दिवशी संध्याकाळी वाकळ, तांब्या आणि कंदील घेऊन ते वावरातल्या टिनाच्या शेडमध्ये राहायला गेले. सरकारी कागदावर विभक्त आहे, तर विभक्त. काकूंना नेलं नाही, कारण कागदावर काकूंविषयी काही नव्हतं. मला वाटलं, आठवडाभर रुसतील. मला हेही कळलं नाही की हा रुसवा नव्हताच. माझा खोटा कागद खरा करायला ते गेले होते.

काकू पहिल्या दिवशी भाकरी बांधून घेऊन गेल्या. काकाजींनी हात लावला नाही; चूल वेगळी असेल तर घरच्या चुलीवरचं कसं चालेल. दुसऱ्या दिवशी काकू पीठ घेऊन गेल्या, तीन विटा मांडल्या आणि तिथेच भाकरी थापली. ते त्यांनी खाल्लं. मग रोज तसंच. या वयात ती बाई डोक्यावर पीठ, मीठ, तेल घेऊन नाला ओलांडायची, नवऱ्याला जेवू घालायची आणि एकटी घरी परत यायची. एकदा नाल्यात मी समोर आलो. मी नजर चुकवत होतो, तर स्वतःच थांबल्या.

"तुह्या एका ओळीनं माह्या घरातला माणूस गेला," काकू म्हणाल्या. "लिवतानी मले इचारायचं तरी."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

मुलगा शेडवर जाऊन भांडला, रडला, हात धरून ओढायला लागला. काकाजींचं उत्तर एकच, की तू खोटा अर्जदार ठरू नये आणि पाटील खोटा साक्षीदार ठरू नये, म्हणून मी इथं आहे. आणि बंदूक घरी आली की त्या घरात माझं पाऊल पडायचं नाही. पोरानं म्हटलं, मग मी अर्ज मागे घेतो. ती युक्ती मीच त्याला सुचवली होती. काकाजी म्हणाले, अर्ज मागं घेतल्यानं लिहिलेलं खरं होतं का?

थंडी वाढली. हरभऱ्याला घाटे धरले. काकाजींना खोकला लागला, आणि मुलगा त्यांना देऊळघाटच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरनं ऊब सांगितली. परतीच्या वाटेवर मोटारसायकल गावाकडे वळवली, तर ते चालत्या गाडीवरून उतरायला निघाले. पुन्हा शेडवर. टिनाखाली सकाळी दव गळायचं. मी नाल्याच्या अलीकडून त्यांचा खोकला ऐकायचो आणि बैलांना उगाच ओरडायचो.

मला वाटत होतं, काकाजींनी हट्ट सोडावा. कोर्टातही मला हेच वाटलं होतं. दोन्ही वेळा खोटं मी बोललो, आणि ते सरळ करायला घर सोडलं त्यांनी. एकदा तुरुंगात गेले, एकदा शेडमध्ये. ही गोष्ट माझ्यासमोर इतके दिवस उघडी पडलेली होती आणि मी ती चिडचिड म्हणून काढत होतो. एका सकाळी दाढी करताना मी बायकोला सांगितलं की आज कचेरीत जातो आणि लिहून देतो. ती म्हणाली, पद जाईल. मी म्हणालो, जाईल. तिनं चहात साखर टाकली आणि म्हणाली, मग स्वेटर घालून जा.

कचेरीतले लिपिक भले गृहस्थ होते. अजून मंजुरी झालेली नाही, फाईल टेबलावरच आहे, अर्ज मागे घेतला तर सगळंच मिटतं, असं त्यांनी समजावलं. मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा समजावलं. मग मी उभ्या उभ्या कोरा कागद मागितला आणि लिहिलं, की मी दिलेला अहवाल खोटा आहे, वडील व मुलगा एकाच घरात, एकाच चुलीवर राहत होते, हे मला माहीत असूनही मी विभक्त लिहिलं, आणि माझ्या लिहिण्यामुळेच आज वडील शेतात राहत आहेत. खाली सही केली. 

नोटीस आली. मग सुनावणी लागली. मला नेमणारं कार्यालय होतं, अधिकारी बाई होत्या, वयानं माझ्याहून बऱ्याच लहान. त्यांनी माझे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, तुमच्या बाजूनं कोणी बोलणार आहे का. मी नाही म्हणणार तोच दारातून खोकला ऐकू आला. काकाजी आत आले. मी त्यांना बोलावलं नव्हतं. गावच्या गाडीनं माझ्या मागोमाग आले होते.

बाईंनी विचारलं, आपण कोण?

"ज्याच्याबद्दल खोटं लिवलं, तो मी."

तुमची यांच्याविरुद्ध तक्रार आहे का, असं बाईंनी विचारलं. माझ्या मनात आलं, आता ते म्हणतील, चांगला माणूस आहे, सोडून द्या. इतकं झाल्यावरही मला ती आशा होती.

"तक्रार नाही, बाई. साक्ष हाये," काकाजी म्हणाले. "खोटं यानंच लिवलं. खरं बी यानंच लिवलं. दोन्ही लिवून घ्या. एक ठेवून एक फेकू नका."

 बाई सौम्यपणे म्हणाल्या, बाबा, हे खरं धरलं तर तुमच्या मुलाला बंदूक मिळणं अवघड आहे. निदान तुमची पाच वर्षं होईपर्यंत. तुमचं पीक जाईल. तुम्हाला ते कळतंय ना?

काकाजींनी टोपी काढून हातात घेतली.

"त्या दिवशी माह्या हातात उभारी होती," ते म्हणाले, "म्हणून त्याचं कोपर गेलं. बंदूक घरी होती म्हणून तो वाचला. मले इतकं तोंडपाठ हाये, बाई. पोरगं गुणाचं हाये माहं, पण बंदूक खुंटीले राह्यते अन् खुंटी माह्या डोक्यावर राह्यते. कायद्यानं पाच वर्षं सांगतले, ते मले जास्त नाही वाटत."

 बाईंनी लिपिकाला ते सगळं शब्दशः लिहून घ्यायला सांगितलं आणि मला विचारलं, तुम्हाला आणखी काही म्हणायचं आहे का. मी म्हणालो, नाही, यांनी सांगितलं ते सगळं खरं आहे.

पुढे माझं पद गेलं. मुलाचा अर्ज नामंजूर झाला. तो काही महिने माझ्याशी बोलला नाही, आणि ते योग्यच होतं. पण त्यानंतरच्या मक्याला आम्ही दोघांनी नाल्याच्या दोन्ही काठांना मिळून काटेरी झुडपांचं कुंपण घातलं, आणि आजही घालतो. डुकरं येतात. आम्हीही हाकलायला जातो. काकाजींना जाऊन आता दोन पावसाळे झाले. त्यांची पाच वर्षं त्यांच्या हयातीतच पुरी झाली होती. त्या दिवशी मी त्यांना विचारलं, आता अर्ज करायचा का. ते म्हणाले, मुदत संपली म्हणजे मागायचा हक्क आला, मागायलाच पाहिजे असं कुठं लिहिलं आहे?

पण मला सांगायचं आहे ते सुनावणीच्या दिवसाचं. परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो होतो.  मी म्हणालो, काकाजी, पाटीलकी गेली समजा.

"गेली तर गेली. मले पाच वर्षं भेटले. तुले किती देते, पाहू," ते म्हणाले. "तवरक दोघं मिळून डुकरं हाकलू."

फाट्यावर उतरलो. तिथून एक पायवाट वावराकडे फुटते आणि सडक गावात जाते. काकाजी त्या फाट्यावर उभे राहिले. खोकल्याची उबळ जाईपर्यंत थांबले, मग माझ्याकडे वळले.

"बाईनं लिवून घेतलं ना पुरं? एका घरात राह्यतो म्हणून?"

"घेतलं, काकाजी. म्या वाचून पाह्यलं. तुमच्या समोर सही केली."

"अन् तुही काकू?"

"काकूचं बी म्या सांगून लिवाले लावलं. तिघंही एका घरात."

त्यांनी पायवाटेकडे एकदा पाहिलं. शेडचा टिन उन्हात चमकत होता.

"वाकळ तिथंच राह्यली," ते म्हणाले. "उद्या आणू." आणि सडकेनं गावाकडे चालायला लागले.